पोटमाळ्यावरची डेबियन, वर्ष-सव्वा वर्षानंतर

आमचं ऑफिस सांगलीत, पाच टेबलांचं, काम टॅक्स-ऑडिटचं. टॅलीचा डेटा आणि पक्षकारांचे स्कॅन केलेले कागद ज्या मशीनवर असतात ते पोटमाळ्यावर, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांशेजारी. 2019 च्या महापुरात तळमजल्यावरचं सगळं पाण्यात गेलं, तेव्हापासून त्याची जागा वर ती वरच. जुना आय-थ्री, आठ जीबी रॅम, एक-एक टीबीच्या दोन डिस्क. सर्व्हर म्हणायला जरा लाजच वाटते. ऑफिसातले मामा त्याला डबडं म्हणतात.

डेबियन, उबंटू, सेंटओएस हे सगळे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे अवतार, आणि या मशीनवर आधी सेंटओएस 7 होती. तिच्या अपडेटची मुदत 30 जून 2024 ला संपणार हे कधीचं माहीत होतं, पण मे उजाडेपर्यंत मी तिकडे बघितलं नाही. रॉकी किंवा अल्मा हा सरळ रस्ता होता. सेंटओएसच्याच वळणाच्या, नवव्या आवृत्तीला 2032 पर्यंत सुरक्षेचे अपडेट. फ्रीबीएसडी ही लिनक्सबाहेरची सिस्टीम, तिच्या झेडएफएसवर, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीवर, जीव जडला होता, एक अख्खा शनिवार त्यात घालवला. पण मी पुण्याला सुनावणीला गेले आणि इकडे डबडं अडलं, तर बघणार कोण? कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुकानातला पोरगा. त्यालाच विचारलं, तुला काय येतं रे?

"उबंटू येतं मॅडम. डेबियन म्हणजे तेच की, वरची नक्षी काढून."

आहे उलटं, उबंटूच डेबियनवर बेतलेली. पण मी काही बोलले नाही. मग उबंटूच का नाही घेतली? त्यातले स्नॅप, म्हणजे उबंटूच्या पद्धतीने बांधलेले प्रोग्रॅम, आपल्या मर्जीने अपडेट होतात ते मला खपत नाही. हट्ट समजा.

डेबियन 12 पेनड्राइव्हवरून अर्ध्या तासात चढली. पूर्वी नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे ते कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, वेगळं शोधून द्यावं लागे. 2022 च्या मतदानात डेबियनवाल्यांनी ते इन्स्टॉलरमध्येच घ्यायचं ठरवलं, ते सुख इथे मिळालं. इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनचा, पासवर्ड दिलात तर सुडो (साध्या युजरला अ‍ॅडमिनचे हुकूम देऊ देणारी सोय) येत नाही, हे मात्र आधी माहीत असू द्या. मी दिला आणि दहा मिनिटं कीबोर्डवर राग काढला. मशीनच्या नोंदींची सिसलॉग फाइलही जागेवर नसते, नोंदी बघायला जर्नलसीटीएल हा हुकूम वापरायचा.

खरी गंमत सोमवारी. टॅली उघडली, फोल्डर दिसले, मी चहा मागवला, तेवढ्यात मामा कागद हातात घेऊन: "मॅडम, मशीन स्कॅन घेतंय पण पाठवत नाही." आमचं झेरॉक्स मशीन म्हातारं, नेटवर्कवरच्या फोल्डरात फाइल टाकायची त्याला एसएमबी1 ही जुनी भाषा तेवढी येते. नवी सांबा, म्हणजे डबड्यावरचे फोल्डर बाकीच्या कॉम्प्युटरना दाखवणारा प्रोग्रॅम, ती भाषा बोलायचीच बंद झाली आहे. सेटिंगमध्ये एक ओळ घालून बोलायला लावता येतं, पण ती असुरक्षित म्हणूनच बंद केलेली. एका झेरॉक्ससाठी पक्षकारांचे पॅन आणि बँक स्टेटमेंट उघड्यावर ठेवायचे? मशीनला एफटीपी ही फाइल पाठवायची दुसरी पद्धत येत होती. एक वेगळा युजर, एकच फोल्डर, त्याच्या बाहेर पाऊल नाही. हे जमवण्यात दुपार गेली, जेवण चारला.

फेब्रुवारीत एक डिस्क गेली. मला कळलं ते सकाळच्या ईमेलवरून. एमडीएडीएमने आपणहून पाठवलेला; दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवायच्या जोडणीला रेड म्हणतात, ती सांभाळणारा हा प्रोग्रॅम. वर जाऊन बघितलं तर डिस्कची स्थिती सांगणाऱ्या ओळीत दोन यूंच्या जागी एक यू आणि एक आडवी रेघ, म्हणजे एक डिस्क चालू, एक गायब. खाली कुणाला पत्ताही नव्हता, पोरं जीएसटीच्या नोंदी करत होती. दुपारी पोरग्याने मशीन बंद करून नवी डिस्क लावली, सिंक व्हायला अडीच तास लागले. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, तेव्हा रोज रात्री एक प्रत यूएसबी डिस्कवर जाते आणि शनिवारी ती डिस्क माझ्या पर्समधून मिरजेला.

तक्रार एकच: सांबाच्या परवानग्या. एकाने केलेली फाइल दुसऱ्याला उघडते पण सेव्ह होत नाही, हे निस्तरायला मला तीन संध्याकाळ लागल्या. गिचमिड डेबियनची नाही, सांबाची आहे, पण भोगायची आपणच.

ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 आली. पोरगा चढवू का म्हणून विचारून गेला. म्हटलं, ऑडिटचे रिपोर्ट भरून होऊ देत, दिवाळीनंतर ये.