सीएनजी किट बसवताय? टाकीवरचा नंबर आधी बघा

बेळगावहून गोव्याला भाजी पोचवायची तर पेट्रोलवर भागत नाही. चोर्ला घाटात भरलेली व्हॅन दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही आणि काटा डोळ्यांदेखत खाली येतो. म्हणून सीएनजी किटची चौकशी केली. परवाना असलेल्या ठिकाणी पन्नास हजारांच्या पुढे सांगत होते. औद्योगिक वसाहतीच्या मागच्या बाजूचा एक गॅरेजवाला अडतीस हजारांत करतो म्हणाला, टाकी, किट, आरसीवरची नोंद सगळं धरून. "कशाला काळजी करताय ओ अण्णा, पेपरचं आमच्याकडं लागलं."

फिटिंग एका दिवसात झालं. गाडी चाललीही बरी, हे मुद्दाम सांगतो. अशा कामात गाडी बिघडली तर माणूस लगेच भांडायला जातो. चालत राहिली की कागदांचं विसरतो.

कागद मागायला गेलं की उत्तर ठरलेलं: किट महाराष्ट्रातलं, गाडी केए २२ ची, म्हणून सगळं कोल्हापूरला फिरून येतं. आपण सीमाभागातले लोक दोन सरकारांच्या मध्ये लोंबकळायला इतके सरावलोय की असलं कारण लगेच पटतं. खरं तर त्यात काही अर्थ नाही. गाडी बेळगावच्या आरटीओची, तर इंधनबदलाची नोंदही तिथंच होते. कोल्हापूरचा संबंध येतोच कुठं?

प्रकरण उघडं पडलं पंपावर. गॅस भरणाऱ्या पोरानं नोझल लावायच्या आधी टॉर्च मारून टाकीचा नंबर आणि टेस्टची तारीख लिहिलेली छोटी पत्र्याची प्लेट वाचली, मग मागचं दार उघडायला लावून टाकी बघितली. प्लेटवर एक नंबर, टाकीच्या गळ्याजवळ ठोकलेला दुसराच. किल्लीनं रंग खरवडला तर खाली आणखी एक रंग निघाला, आणि जिथं टेस्टची तारीख हवी तिथं ग्राइंडर फिरवल्याचे चकचकीत ओरखडे. पोरगं म्हणालं, "मामा, ही भरणार नाही. तुम्ही पण लांब उभं राहा."

त्याचं बरोबरच होतं. टायरमध्ये हवा असते दोन-अडीच बारची. सीएनजी टाकीत २०० बारनं गॅस भरतात. म्हणूनच दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन केलेली तपासणी, सक्तीची आहे. माझ्या मागं भाजीच्या क्रेटखाली जे होतं ते कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचं असणार. मंजुरीचं म्हणून दिलेलं सर्टिफिकेट घरी उजेडात धरलं तर झेरॉक्सवर मॉडेलचं नाव भलत्याच गाडीचं. किटला मंजुरी ठरावीक गाड्यांसाठीच मिळते, त्यामुळे तो कागद आमच्या व्हॅनला शून्य. मोबाइलवर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला, इंधन अजून 'पेट्रोल'च. म्हणजे घाटात आग लागली असती तर विमा कंपनीनं हात वर केले असते.

तेव्हा पैसे द्यायच्या आधी टाकीचा नंबर, टेस्टची तारीख आणि किटचा नंबर स्वतः वाचा, फोटो काढा, आणि तेच आकडे बिलावर व सर्टिफिकेटवर लिहून घ्या. बिल जीएसटी नंबरचं हवं. मला मिळालं होतं 'इस्टिमेट', त्यावर पत्ता चंदगड तालुक्यातला. भांडायला गेलो तर गॅरेजवाले साहेब म्हणाले, "व्यवहार महाराष्ट्रातला, तिकडं जावा."

हेही खोटं निघालं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, दुकान कुठल्याही राज्यात असो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तरी माहिती देतात. मी बेळगावातच तक्रार दाखल केली आहे. त्यानंतर गॅरेजवाल्याचे दोन फोन आले: टाकी आणून द्या, अर्धे पैसे परत देतो. टाकी रिकामी करून गाडीतून काढलीय, पण ती त्याला द्यायची नाही असं वकिलांनी बजावलंय. ग्राइंडरचे ओरखडे हाच तर पुरावा आहे.