रोबोकॉपी: फुकट आहे, दणकट आहे, पण डिफॉल्टवर सोडू नका

एका नेटवर्क ड्राइव्हवरून दुसऱ्यावर फोल्डर कॉपी करायला पैसे मोजून सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी रोबोकॉपी वापरून बघा, कमांड लिहून फाइली कॉपी करायचं हे टूल व्हिस्टापासून विंडोजमध्येच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. आमच्या ऑफिसात अकाउंट्सचं फोल्डर रोज रात्री सर्व्हरवरून नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या डब्यावर) जातं ते यानेच, आणि बदललंय तेवढंच उचलतं म्हणून पहिली रात्र सोडली तर पटकन उरकतं. माझ्याकडून 5 पैकी 4 स्टार.

एक कापला तो डिफॉल्ट सेटिंगमुळे. कुणीतरी एक्सेलची फाइल उघडी ठेवून घरी जातं, मग एरर 32 (फाइल दुसरीकडे वापरात आहे), आणि हा पठ्ठ्या त्या एका फाइलसाठी 30 सेकंद थांबून परत ट्राय करतो, किती वेळा तर 10 लाख वेळा! खरंच डिफॉल्ट तेवढाच आहे. स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली बॅच फाइल) हँग झाली असं वाटतं पण ती बिचारी वाट बघत बसलेली असते. कमांडमध्ये /R:2 /W:5 द्या, म्हणजे दोनदाच परत ट्राय आणि मध्ये 5 सेकंद थांबणं, विषय संपला.

स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं विंडोजचं टूल) नाही, ही दुसरी नेहमीची रड. यात रोबोकॉपीचा दोष नाही हो, झेड ड्राइव्ह (नेटवर्क फोल्डरला दिलेलं अक्षर) तुमच्या लॉगिनपुरता मॅप झालेला असतो आणि टास्क वेगळ्या सेशनमध्ये चालतो, त्याला झेड दिसणार कुठून? ड्राइव्हचं अक्षर काढा, सर्व्हर आणि शेअरच्या नावासकट पूर्ण पाथ टाका, आणि टास्क ज्या युजरने चालतो त्याला दोन्हीकडे परमिशन आहे ना ते बघा.

शेड्युलरमध्ये टास्कचा रिझल्ट 0x1, म्हणजे 1, दिसला की लोक उगाच घाबरतात. इथे 1 म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या, 0 म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच, खरी गडबड 8 पासून पुढे. बॅच फाइलमध्ये कुणी 'शून्य नसेल तर फेल' असं लिहून ठेवलं असेल तर काम चोख होऊनही रोज सकाळी फेलचा मेल येणार.

काही न बदलता नॅसवर रोज सगळंच परत जात असेल तर कमांडला /FFT लावून बघा, मग फाइलच्या वेळेतला 2 सेकंदांपर्यंतचा फरक धरत नाही.

आणि /MIR (मिरर) जपून, सोर्समध्ये नसलेलं सगळं जिथे कॉपी करताय तिथून उडवतो, रीसायकल बिनमध्येही सापडत नाही. आधी सोबत /L लावा, नुसती यादी दाखवतो, ती नीट वाचा आणि मगच /L काढा.