मेसालामाइन एनिमा : तेरा महिन्यांच्या वापरानंतर

नाव काढायलाही संकोच वाटतो, अशा औषधाबद्दल लिहिते आहे. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याचा दीर्घकाळचा आजार, आणि गेले तेरा महिने मी मेसालामाइन या सूज कमी करणाऱ्या औषधाचा एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध, घेते. डॉक्टरांनी लिहून दिलाय, पण बाटल्या कपाटात तशाच पडून आहेत, अशा प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. माझ्याही पहिल्या सात बाटल्या तीन आठवडे कपाटातच होत्या.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली, त्याच सुमारास शौचाला रक्त पडायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून पाच महिने मलम, इसबगोल, त्रिफळा, कोमट पाण्यात बसणं, सगळं केलं. ज्यांना दाखवत होते त्यांनी दुर्बिणीची तपासणी कधी सुचवलीच नाही, आणि लाजेपोटी मीही विचारलं नाही. दिवाळीपर्यंत दिवसाला चार-पाच वेळा जावं लागायचं, रक्ताबरोबर शेम पडायची, आणि कळ आली की दोन मिनिटंही दम निघत नसे. तास चालू असताना वर्ग सोडून इमारतीच्या दुसऱ्या टोकाला धावायचं. मॉनिटरला फळ्याजवळ उभं करून जायचे, परत येईपर्यंत डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी मिरजेला कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाली. गुदद्वारापासून ३५ सेंटिमीटरपर्यंत आतड्याचं अस्तर लाल, सुजलेलं, हात लावताच रक्त येणारं. त्याच्या वर सगळं स्वच्छ. रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं तपासल्याशिवाय मानू नका, एवढं इथेच सांगून ठेवते.

डॉक्टरांनी मेसालामाइनच्या १.२ ग्रॅमच्या गोळ्या दिल्या, सुरुवातीला दिवसाला चार, आणि रात्री झोपताना ४ ग्रॅमचा, ६० मिलिलिटरचा एनिमा. मी गोळ्या लगेच सुरू केल्या. एनिमा मात्र टाळला. तोंडाने तेच औषध घेतोय, मग हे कशाला, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. तीन आठवड्यांनी रक्त जरा कमी झालं, पण कळ आणि शेम तशीच. तेव्हा डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. या गोळीवरचं आवरण लहान आतड्याच्या शेवटाकडे विरघळतं, औषध तिथून पुढे सुटत जातं. शेवटच्या वीतभर भागापर्यंत ते पुरेसं पोचेलच असं नाही. हा आजार तर गुदाशयातच सुरू होतो आणि तिथून सलग वर चढतो. एनिमा खालून डाव्या बाजूच्या आतड्यात, प्लीहेजवळच्या वळणापर्यंत जाऊ शकतो. गोळी आणि एनिमा मिळून जो गुण येतो, तो एकट्या कशानेच येत नाही.

विज्ञानाची शिक्षिका असल्यामुळे मी या औषधाचा इतिहास वाचून काढला, आणि माझा संकोच खरं तर तिथे गेला. स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्‌झ या डॉक्टरबाईंनी सांधेदुखीच्या रुग्णांसाठी सल्फासॅलाझिन पुढे आणलं. ते कोलायटिसलाही लागू पडतं असं दिसून आलं. त्या रेणूचे दोन भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू वेगळे करतात. त्यातला कोणता भाग काम करतो, हे ऑक्सफर्डमध्ये आझाद खान, पिरिस आणि ट्रूलव्ह यांनी १९७७ साली शोधलं, आणि ते कसं, तर दोन्ही भाग वेगवेगळे करून रुग्णांना एनिम्यातून देऊन. गुण आला तो ५-एएसए या भागाने. तेच आपलं मेसालामाइन. म्हणजे या औषधाची ओळखच मुळी एनिम्यातून पटली.

पहिल्या पाच-सहा रात्री वाईट गेल्या. दहा मिनिटांत सगळं बाहेर. सुजलेल्या गुदाशयाला काही धरून ठेवता येत नाही, त्यात आपलं काही चुकत नसतं. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी आठवडाभर आधी १ ग्रॅमची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची वडी, दिली, मग अर्धी बाटली, मग पूर्ण. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सकाळपर्यंत राहिलं.

मला जमलेली रीत अशी. आधी संडासला जाऊन यायचं. बाटली पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायची, कारण गार औषध आत गेलं की लगेच कळ येते. मग ती नीट हलवायची, औषध तळाशी बसलेलं असतं. डाव्या कुशीवर, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. नळीला थोडं व्हॅसलीन. बाटली अगदी हळू दाबायची आणि बाहेर काढतानाही दाब सोडायचा नाही, नाहीतर औषध परत बाटलीत ओढलं जातं. त्यानंतर अर्धा तास तरी त्याच कुशीवर. मी तेवढ्यात उद्याच्या तासांची टिपणं वाचते.

कपड्यांवर आणि चादरीवर तपकिरी डाग पडतात, ते निघत नाहीत. फरशीवर सांडलं तर लगेच पुसा. आमच्या सासूबाईंना मी काहीच सांगितलं नव्हतं. एके दिवशी त्यांनी डाग बघितले, काही न विचारता माळ्यावरून नातवाच्या बाळंतपणातलं मेणकापड काढलं आणि माझ्या गादीवर अंथरलं. त्याआधी त्या रोज कुड्याच्या सालीचा काढा घे म्हणून मागे लागायच्या. कुडा आपल्याकडे जुलाबावर पिढ्यान्‌पिढ्या देतात, त्यांचं सांगणं मायेचंच होतं. पण चालू औषधात मला काही मिसळायचं नव्हतं, आणि ते त्यांनी मानलं.

आता माझी चूक. एप्रिलमध्ये मला पूर्ण बरं वाटत होतं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, रात्री बारा वाजायचे, म्हणून एनिमा बंद केला. कोणाला विचारलं नाही. त्यातच दाढ दुखली म्हणून पाच दिवस डायक्लोफिनॅक घेतलं. मे महिन्यात पुन्हा रक्त. या गटातल्या वेदनाशामकांनी आजार उसळू शकतो, हे मला माहीत असायला हवं होतं. आता दाताच्या असो की हाडाच्या, कुठल्याही दवाखान्यात गेले की आधी कोलायटिस आहे म्हणून सांगते. पुन्हा रोज एनिमा सुरू केला, सहा आठवड्यांत आटोक्यात आलं. स्टिरॉइड घ्यावं लागलं नाही, याचं श्रेय मी एनिम्याला देते.

खाण्याचं थोडक्यात. त्रास चालू असताना मऊ भात, मुगाची खिचडी, शिजवून कुस्करलेला दुधी. शांत झाल्यावर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक सगळं परत आलं. सगळ्यांना लागू पडेल असं पथ्य नाही. भीतीने एकेक पदार्थ सोडत जाऊ नका, माझं हिमोग्लोबिन त्यानेच आणखी खाली गेलं होतं.

खर्च गोळ्यांपेक्षा जाणवतो. आमच्या गावच्या मेडिकलमध्ये एनिमा नसतो, चार दिवस आधी सांगून मागवावा लागतो. उघडलेल्या पाकिटातली बाटली गडद तपकिरी झाली असेल तर वापरू नका. क्वचित मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहायचं, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं. शौचाची कॅल्प्रोटेक्टिन चाचणी मला फार उपयोगी वाटली, आतड्यात सूज जितकी जास्त तितका तिचा आकडा मोठा. सुरुवातीला ११०० च्या वर, मार्चमध्ये १८०, मेमध्ये ६४०, ऑक्टोबरमध्ये ७०. एप्रिलमधली चूक त्या आकड्यांत लख्ख दिसते.

हे औषध प्रत्येकासाठी नाही. क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार, तो लहान आतड्यात असेल तर एनिमा तिथे पोचतच नाही. आणि दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप किंवा नाडी नव्वदच्या वर, असं असेल तर बाटलीच्या भरवशावर घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

नोव्हेंबरमध्ये दुसरी कोलोनोस्कोपी झाली. वरचा भाग पूर्ण भरून आलाय, गुदाशयात किंचित लाली उरली आहे. आता गोळ्या दोन आणि एनिमा आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी. मागच्या आठवड्यात शाळेची सहल पन्हाळ्याला होती, मुक्कामाची, आणि मधे बुधवार येत होता. खोलीत बरोबर असलेल्या बाईंना मी सरळ सांगितलं. त्यांनी दिवा मालवला, भिंतीकडे तोंड केलं आणि मला नववीच्या मुलींच्या गमती सांगत राहिल्या, माझा अर्धा तास होईपर्यंत.