उंच माणसांच्या घरासाठी जुनी गाडी: एर्टिगा, इनोव्हा की मराझो?

आमच्या घरात नवरा ६ फूट २ इंच, थोरला मुलगा ६ फूट ३ इंच, आणि धाकटा दहावीतच ६ फुटांना टेकलाय. सासरे फौजेतून निवृत्त झालेले, आजही ताठ चालतात, ५ फूट ११ इंच. मी आणि सासूबाई तेवढ्या सव्वापाच फुटांच्या आतल्या. इतकी वर्षं छोट्या हॅचबॅकमध्ये भागवलं. साताऱ्याहून मिरजेला माझ्या माहेरी जायचं म्हणजे सव्वाशे किलोमीटर थोरला मागं मान कलती करून बसायचा. पेठ नाक्याला महामार्ग सोडून इस्लामपूर-आष्ट्याच्या रस्त्याला लागलो, की खड्डा आला रे आला, त्याचं डोकं छताला. मागच्या दिवाळीत मिरजेत उतरल्यावर त्याला मानच सरळ करता येईना. दादानं त्याला तिथंच सोप्यात आडवं केलं आणि मला म्हणाला, "ताई, आता गाडी बदला."

नऊ लाखांच्या आत जुनी गाडी घ्यायची असं ठरलं. पुढचे चार महिने सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर अशा फेऱ्या मारून आम्ही अकरा गाड्यांत बसून पाहिलं. तुम्हीही याच शोधात असाल तर आमचे हेलपाटे तुमच्या कामी यावेत.

आधी घरात बसून ठरवा, कोण कुठं बसणार

ही गोष्ट आम्हाला चौथ्या गाडीनंतर सुचली. तोवर आम्ही "सात सीटची आहे ना, मग झालं" म्हणत होतो. पण सात सीट म्हणजे सात सारख्या जागा नव्हेत. तिसऱ्या रांगेत मागच्या आक्सलसाठी गाडीचा तळ वर येतो आणि छत मागं उतरत जातं. म्हणजे उंच माणसाला जिथं जागा हवी, तिथंच दोन्हीकडून ती कापली जाते. तळ वर आला की सीट तळाच्या जवळ येते, गुडघे छातीकडे येतात, मांडी सीटवर टेकतच नाही आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. अर्धा तास कुणीही बसेल. कराडच्या पुढं गेलं की बोलायचं बंद होतं.

म्हणून कागदावर सहा चौकोन काढले आणि नावं लिहिली. त्यात दुसरी गोष्ट कळली. उंच ड्रायव्हर सीट मागं सरकवतो आणि त्याच्या पाठीमागच्या माणसाचे गुडघे दाबले जातात. तेव्हा ड्रायव्हरच्या मागं घरातलं बुटकं माणूस, आणि घरातला दुसरा उंच माणूस तिरक्या बाजूला, डावीकडे. एवढ्या अदलाबदलीनं जी गाडी अपुरी वाटत होती ती पुरते, हे आम्ही स्वतः पाहिलं.

आता हिशेब सरळ होतो. घरात दोघंच उंच असतील आणि ते पहिल्या-दुसऱ्या रांगेत बसणार असतील तर एर्टिगा पुरते, जास्त पैसे घालायची गरज नाही. तिघं-चौघं उंच असतील आणि त्यातल्या एकाला तिसऱ्या रांगेत जावंच लागणार असेल, तर इनोव्हा किंवा मराझो. आणि घरात माणसंच चार-पाच असतील तर सात सीटच्या मागं लागूच नका. मात्र तेव्हाही नुसती गुडघ्यांची जागा पाहून भुलू नका. सियाझसारख्या सेडानमध्ये मागं पाय ऐसपैस पसरतात, पण छत मागं उतरतं आणि थोरल्याचे केस छताला घासत होते. त्यापेक्षा उभट छताची साधी वॅगनआर त्याच्या डोक्याला सोयीची वाटली.

कागदावर तिन्ही सारख्याच

पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, बघून जागा ओळखावी असं सगळे सांगतात. एर्टिगाचा व्हीलबेस २७४० मिलिमीटर, इनोव्हाचा २७५०, मराझोचा २७६०. फरक जेमतेम दोन बोटांचा. मग बसल्यावर इतका फरक का जाणवतो? कारण एकूण लांबीत आहे. २०१२ ला आलेली पहिली एर्टिगा ४२६५ मिलिमीटर, नोव्हेंबर २०१८ ची दुसरी ४३९५, जुनी इनोव्हा आणि मराझो ४५८० च्या आसपास, आणि २०१६ ला आलेली नवी इनोव्हा, म्हणजे क्रिस्टा, ४७३५. ही जादा लांबी बरीचशी मागच्या बाजूला जाते, तिसरी रांग आणि सामान असतं तिथं. म्हणून पुढच्या दोन रांगांत एर्टिगा इनोव्हाच्या जवळ जाते आणि तिसऱ्या रांगेत उघडी पडते.

पहिल्या एर्टिगात तिसऱ्या रांगेत धाकटा बसला तेव्हा मान वाकवल्याशिवाय त्याला बसताच येईना. दुसऱ्या पिढीची एर्टिगा बरीच बरी. तिथं त्याचे केस छताला टेकत होते, पण मान सरळ होती. मधलं सीट पुढं सरकवलं तर गुडघेही मावले, फक्त मग मधे बसलेल्या थोरल्याचे गुडघे पुढच्या सीटला लागले. ही ओढाताण एर्टिगात चालूच राहते. मात्र सासूबाईंना सगळ्यात आवडली ती हीच. गुडघेदुखीत नऊवारी सावरून चढायचं तर गाडी खाली हवी, आणि एर्टिगात त्या हँडल न धरता बसल्या. नवऱ्याची तक्रार एकच, स्टिअरिंग वर-खाली होतं पण जवळ-लांब होत नाही. पाय लांब म्हणून सीट मागं घेतलं की हात ताणून चालवावं लागतं. क्रिस्टात स्टिअरिंग दोन्हीकडे हलतं आणि तिथं तो पहिल्यांदा पाठ टेकून बसला.

इंजिनाबद्दल थोडक्यात. पहिल्या एर्टिगाचं १२४८ सीसीचं डिझेल सपाटीवर गोड चालतं, पण सहा माणसं भरून समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढताना वळणावर वेग पडला की दुसऱ्या गिअरमध्येही ते आधी दम घेतं. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंदच केलं, त्यामुळं नंतरची एर्टिगा म्हणजे पेट्रोल किंवा सीएनजी. सीएनजीची टाकी डिकीत असते. तिसरी रांग उघडून माणसं बसवली की बॅगा मांडीवर. रोजचं रनिंग जास्त आणि माणसं चार असतील तरच सीएनजी घ्या.

जुनी इनोव्हा, २००५ ते २०१६ ची, हे वेगळंच प्रकरण. चेसिसवर, म्हणजे ट्रकसारख्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली, मागच्या चाकांना ताकद देणारी, २४९४ सीसी डिझेल. पसरणीच्या घाटात सहा माणसं असून तिनं कुरकुर केली नाही. मधली सीटं रुंद, मांडीला गुडघ्यापर्यंत आधार. तिसऱ्या रांगेत धाकटा आणि नवरा दोघं बसले आणि सरळ मानेनं बसले. ती चढायला उंच आहे, सासूबाईंना पायाखाली स्टूल द्यावं लागलं असतं. खरी अडचण वेगळी. बाजारात आलेल्या बऱ्याच जुन्या इनोव्हा भाड्यानं फिरलेल्या असतात. पिवळी पाटी काढून पांढरी केलेली असते आणि मीटर मागं फिरवलेला असतो. मीटरवर विश्वास ठेवू नका. क्लच-ब्रेकच्या पेडलवरचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली जागा आणि ड्रायव्हरच्या सीटचा फोम बघा. फोम बसलेला असेल तर उंच माणसाला सुरुवातीला बरं वाटतं, कारण डोक्यावर जागा वाढते. पण तेवढीच मांडी अधांतरी होते आणि पाठ धरते. या इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा असतो, तो कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला लावा.

क्रिस्टा या सगळ्यांत उत्तम, याबद्दल घरात कुणाचंच दुमत नव्हतं. पण २०१७ च्या गाडीला आम्हाला चौदा लाख सांगितले. तेवढी ऐपत असेल तर पुढचं वाचायची गरजही नाही, तीच घ्या.

मराझोचं नाव आम्हाला कराडच्या मिस्त्रीनं सुचवलं. सप्टेंबर २०१८ ला आलेली महिंद्राची गाडी, १४९७ सीसी डिझेल, चेसिस असूनही पुढच्या चाकांवर चालणारी. त्यामुळं तळ सपाट आणि खाली आहे, सासूबाई सहज चढल्या. एसीचं तोंड छताच्या मध्यातून मागंपर्यंत जातं, एप्रिलच्या दुपारी तिसऱ्या रांगेतही गारवा पोचला. गाड्या आदळवून बघणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी तिला पाचपैकी ४ तारे आहेत. दुसऱ्या पिढीच्या एर्टिगाला २०१९ ला ३ मिळाले. तिसऱ्या रांगेत धाकटा सरळ बसला, मांडीला आधार इनोव्हापेक्षा किंचित कमी. तिचा दोष म्हणजे ती फारशी खपली नाही. त्यामुळं विकताना गिऱ्हाईक शोधावं लागेल आणि एखाद्या पार्टसाठी थांबावं लागेल. पण न खपल्यामुळंच जुनी स्वस्त मिळते. २०१९ ची, ६२ हजार चाललेली, एका कुटुंबातली गाडी साडेआठ लाखांना होती. त्याच किमतीत इनोव्हा २०१४ ची, १ लाख ९० हजारांची.

बाकीच्या लवकर सांगते. स्कॉर्पिओच्या बऱ्याच मॉडेलांत मागं समोरासमोर बाकडी असतात, तिथं लांब पायाच्या माणसाला बसवणं म्हणजे शिक्षा. एक्सयूव्ही ५०० पुढच्या दोन रांगांत राजेशाही, तिसऱ्यात मुलांपुरती, आणि सनरूफचं मॉडेल असेल तर छताची दोन बोटं जातात. हे सनरूफ कुठल्याही गाडीत उंच माणसाच्या मुळावर येतं. रेनॉच्या लॉजीचा व्हीलबेस २८१० आणि टाटाच्या हेक्साचा २८५०, जागेला दोन्ही सुरेख. पण दोन्ही २०२० लाच बंद झाल्या, जवळ ओळखीचा चांगला मिस्त्री असेल तरच बघा.

बसून बघताना

एकटे जाऊ नका, अख्खं घर न्या. उंच ड्रायव्हरनं आधी आपलं सीट लावायचं, मग इतरांनी बसायचं. गुडघ्याच्या मागं मांडीखाली तळहात घालून बघा. हात सैल फिरला तर मांडी अधांतरी आहे. डोकं टेकायचा हेडरेस्ट पूर्ण वर ओढून तो डोक्याच्या मागं येतो का, की मानेलाच अडतो, ते बघा. मागून धक्का बसला तर मान वाचवायचं काम त्याचंच. आणि चक्कर मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटांची नको, खड्ड्यांच्या रस्त्यावर अर्ध्या तासाची मारा, उंच माणसाला तिसऱ्या रांगेत बसवून.

आता जी चूक आमच्याकडून झाली ती. सांगलीकडं एक २०१८ ची एर्टिगा फार आवडली होती. आतून चकाचक, नवी सीट कव्हरं, अत्तराचा वास. विक्रेत्याला आम्ही दहा हजार विसार देऊन आलो. दोन दिवसांनी मिस्त्रीला घेऊन गेलो. त्यानं इंजिन उघडलंच नाही. मधल्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटची वीतभर पट्टी ताठ होती आणि तिच्यावर आडवी तपकिरी रेघ होती. मग ड्रायव्हरच्या सीटखालचं कार्पेट उचललं, बोट फिरवलं, बोटावर पिठासारखा गाळ. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी त्या गाडीच्या सीटपर्यंत आलं होतं. विसार परत मिळाला नाही, पण पावणेआठ लाख वाचले. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात २०१९ आणि २०२१ च्या महापुरांच्या आधीची कुठलीही गाडी बघाल तर प्रत्येक बेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनीची खाच बघा, सीटच्या रुळाचे नट गंजलेत का बघा, आणि गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसची नोंद काढा. पाणी शिरलेल्या गाडीची वायरिंग आज चालते आणि दोन पावसाळ्यांनी दगा देते.

कागदांचं फार अवघड नाही. एमएच १०, ११, ५० काहीही असो, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर बदलत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदलतं, कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ आधी हातात घ्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. क्लेम न केल्याची सवलत जुन्या मालकाकडेच राहते, तेव्हा हप्ता वाढणार हे धरून चाला. दिल्ली पासिंगची स्वस्त डिझेल गाडी कुणी दाखवली तर जपून. तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून ती इकडं येते, आणि इथं नवा नंबर, नवा टॅक्स भरता भरता स्वस्ताई संपते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर फिटनेस आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. २०१४ ची इनोव्हा २०२९ ला त्या दारात उभी राहिली असती, २०१९ ची मराझो २०३४ ला. आमचं मन तिथं वळलं.

मराझो घेऊन आता सात महिने झाले. नवरा चालवतो, शेजारी सासरे सीट दोन खाचा पुढं घेऊन बसतात, त्यांच्या मागं थोरला, ड्रायव्हरच्या मागं सासूबाई, आणि मी आणि धाकटा तिसऱ्या रांगेत. परवा मिरजेला उतरलो तर थोरला आधी जाऊन दादाच्या गोठ्यात वासरू बघून आला. धाकटा अजून वाढतोय. वर्षभरात त्याचं डोकं छताला लागलं तर सासूबाईंच्या शेजारी तो, आणि थोरला आजोबांच्या जागी पुढं. मग सासरे कुठं बसणार, तेवढं ठरायचंय. ते म्हणतात, "मी मागं बसतो, फौजेच्या ट्रकात काय सीटं मोजायचो काय?" पण त्यांना तिसऱ्या रांगेत बसवायचं नाही, हे आम्ही कागदावर लिहून ठेवलंय.