‘डिस्क मेली’ सांगून पैसे घेतले, डिस्क मात्र ठणठणीत

आमच्या छपाईच्या दुकानात हिशेब उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालतो. दोघांना एकच फोल्डर वापरायचा होता, पण ‘परमिशन डिनाइड’ येत राहिलं, म्हणून ओळखीतून एक दुरुस्तीवाला बोलावला. त्याने ॲडमिनचा पासवर्ड मागून घेतला, सुडो (ॲडमिनचे पूर्ण अधिकार देणारी आज्ञा) लावून चार ओळी चालवल्या आणि अडचण मिटली. पुढे ऐन जीएसटी भरायच्या वेळी सगळी बिलं गायब! तोच आला. डिस्क मेली, रिकव्हरीचे आठ हजार लागतील म्हणाला. दिले. दुसऱ्या दिवशी फायली जशाच्या तशा हजर, तारखांसकट.

माझी भाची कॉम्प्युटर शिकते. तिने डिस्कची स्मार्ट तपासणी (डिस्क स्वतःच्या बिघाडांची जी नोंद ठेवते ती बघणं) केली, एकही दोष नाही. मग ऑथ लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं याची नोंद, उघडला. त्यात रात्री एसएसएचवरून (दुरून कॉम्प्युटरमध्ये शिरायची सोय) आत आलेलं एक अनोळखी खातं आणि त्याच खात्याने सुडोने आमचा फोल्डर हलवल्याची नोंद होती. बाहेरून आत येण्यासाठी राउटरचा पोर्टही त्या दुरुस्तीवाल्याने उघडून ठेवला होता.

खरं काम किती होतं? दोघांचा एक ग्रुप करायचा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करायचा आणि परवानगीचा आकडा २७७० ठेवायचा, म्हणजे मालक आणि ग्रुपला सगळी मुभा, बाकीच्यांना काहीच नाही. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल त्याच ग्रुपची होते. त्याने सरसकट ७७७ दिलं होतं, म्हणजे मशीनवरच्या प्रत्येक खात्याला वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. इथे बरेच जण फसतात: फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ ठेवली तरी ती पुसता येते, कारण पुसण्याचा हक्क फाइलवर नव्हे, फोल्डरच्या परवानगीवर ठरतो. आणि ज्याच्या हाती सुडो आहे, त्याला तर या परवानग्या अडवतच नाहीत.

म्हणूनच नुसता आपला पासवर्ड बदलून भागत नाही. सुडो ग्रुपमध्ये कोण आहे ते बघा. सुडो कुणाला वापरता येईल हे ठरवणारी सुडोअर्स फाइल आणि सुडोअर्स डॉट डी फोल्डर यांत ‘नोपासवर्ड’ (पासवर्ड न विचारता सुडो) असलेली ओळ शोधा. खात्यांची यादी असलेल्या पासवर्ड फाइलमध्ये रूटशिवाय (सर्वाधिकार असलेलं मुख्य खातं) आणखी कुणाचा यूजर आयडी ०, म्हणजे रूटइतकेच अधिकार, आहे का, तेही तपासा. रूट मिळालेला माणूस लॉगही पुसू शकतो. आमच्याकडे त्याने ते केलं नाही, हे नशीब. आम्ही फक्त डेटा काढून घेतला, उबुंटू नव्याने टाकलं आणि लॉगची प्रत जपून ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. परवानगीशिवाय, लबाडीने दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बाहेरच्या माणसाला काम द्यायचंच असेल तर त्याला वेगळं खातं काढून द्या आणि काम झालं की ते खातं काढूनच टाका. नुसता पासवर्ड लॉक केला तर एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) वापरून तो पुन्हा आत येऊ शकतो. रूटच्या आणि तुमच्या खात्यातली ‘ऑथराइज्ड कीज’ (मान्य केलेल्या कींची यादी) फाइलही उघडून बघा, एखादी की त्याने तिथेही ठेवलेली असू शकते.