ई-पोर्टफोलिओ कशावर करायचा: महारा, गूगल साइट्स की मूडल?

ई-पोर्टफोलिओ म्हणजे विद्यार्थ्याने निवडलेल्या स्वतःच्या कामांचा ऑनलाइन संग्रह. त्यासाठी साधन निवडताना दिसण्यावर जाऊ नका. दोन गोष्टी तपासा: गुण देईपर्यंत पान गोठतं का, आणि पदवीनंतर विद्यार्थ्याला ते बरोबर नेता येतं का.

महारा हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर 2006 साली न्यूझीलंडमध्ये खास याच कामासाठी सुरू झालं. पान मूल्यमापनासाठी जमा केलं की त्याला कुलूप लागतं. शिक्षकाने मोकळं करेपर्यंत त्यात काही बदलता येत नाही. याची दुसरी बाजू म्हणजे तपासणी महिनाभर रेंगाळली तर विद्यार्थ्याचं कामही तेवढंच रखडतं. म्हणून जमा करण्याआधी पानाची प्रत काढून ठेवायला सांगावं. शेवटी सगळा संग्रह एचटीएमएलमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानांच्या रूपात, उतरवून घेता येतो. अडचण सुरुवातीलाच येते. फाइल चढवणं, पान रचणं आणि ते कोणाला दिसेल हे ठरवणं, ही तीन कामं वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने मुलं गोंधळतात. दोन तासांचं प्रात्यक्षिक ठेवाच. सर्व्हर सांभाळणारा माणूसही लागतो.

गूगल साइट्स या वेबसाइट बनवण्याच्या साधनावर तासाभरात पान उभं राहतं, पण कुलूप नाही. मुदत संपल्यावरही मजकूर बदलतो आणि नुसतं पाहण्याची परवानगी असलेल्या शिक्षकाला ते कळत नाही. आवृत्त्यांचा इतिहास हवा तर संपादनाची परवानगी मागावी लागते. दुसरी नेहमीची फजिती: पान उघडतं, पण त्यात जोडलेली ड्राइव्हवरची फाइल ‘परवानगी मागा’ म्हणते, कारण फाइलची परवानगी वेगळी द्यावी लागते. संस्थेचं खातं बंद झालं की साइटही जाते. प्रत वैयक्तिक खात्यात आधीच न्यावी. संस्थेने बाहेर शेअर करायला बंदी घातली असेल तर तीही वाट बंद.

मूडल म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवण्याची प्रणाली. तिची असाइनमेंट तपासायला सगळ्यात सोयीची: रूब्रिक (निकषवार गुणांचा तक्ता), मुदत, मुदतवाढ, नाव झाकून तपासणी. पण ती एका कोर्सपुरती. पहिल्या सत्रातलं काम तिसऱ्या सत्रातल्या कामाशेजारी ठेवता येत नाही, म्हणजे पोर्टफोलिओचा जीवच गेला.

तीन वर्षांचा, श्रेयांकाचा उपक्रम असेल तर महारा मूडलला जोडून घ्या. गुण मूडलमध्ये, पानं महारात. एका सत्रातल्या एका तुकडीसाठी साइट्स पुरते, फक्त मुदतीच्या दिवशीची पीडीएफ मूडलवर जमा करून घ्या.

साधन कोणतंही असो, खरा भार वेळेचा असतो. एका पोर्टफोलिओला 20 मिनिटं धरली तरी 60 जणांचे 20 तास होतात. म्हणून नमुने पाच-सहाच मागा, आणि प्रत्येकाखाली ‘हाच का निवडला, पुन्हा केलं तर काय बदलशील’ एवढं लिहायला लावा. हे प्रश्न नसले की कामांची नुसती अडगळ जमते. सत्राच्या मध्यावर गुणांशिवाय एकदा अभिप्राय द्या. शेवटी दिलेल्या शेऱ्यांवरून दुरुस्ती करायला वेळच उरत नाही. तपासणारे दोघे असतील तर आधी तेच पाच पोर्टफोलिओ स्वतंत्रपणे तपासून गुण ताडून पाहा. रूब्रिकमध्ये सजावटीला गुण नकोत, नाहीतर मुलं रंग निवडण्यात रात्र घालवतात.