मुंबईला जायचं तर बेलोरा की नागपूर?

आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. मी मुलीकडे डोंबिवलीला दोन्ही वाटांनी जाऊन आलोय, अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरूनही आणि नागपूरहूनही. बडनेऱ्याहून रात्रीची रेल्वे आहेच, पण आता कंबर साथ देत नाही, म्हणून तिचा विषय सोडतो.

नकाशावर बेलोऱ्याहून मुंबई हवेतून साधारण 540 किलोमीटर, नागपूरहून 680. म्हणजे 140 किलोमीटर वाचले, पण वेळ वाचत नाही. बेलोऱ्याहून येतं ते एटीआर, पंख्यांचं विमान. ते ताशी पाचशेच्या आसपास चालतं, तर नागपूरचं जेट आठशेच्या. मला बेलोऱ्याहून पावणेदोन तास लागले, नागपूरहून दीड. पंख्यांची घरघर कानात बसते, हेही खरं. मात्र एटीआरचे पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालची शेतं मोकळी दिसतात. मागच्या दाराने शिडी चढून बसायचं. लाल डब्यात चढल्यासारखंच वाटतं.

आता रस्ता. समृद्धी झाल्यापासून नागपूर जवळ आलं यात वाद नाही. धामणगावला चढलं की दोन तासांच्या आत आपण सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर. पण समृद्धीवर दुचाकी चालत नाही, म्हणजे गाडी करणं आलं. टोल आपला, रिकाम्या परतीचं भाडं आपलं, आणि ड्रायव्हरच्या चहाचेही.

तेही सोसलं असतं. मागच्या पावसाळ्यात नागपूरला रात्री उशिरा उतरलो. गाडी सांगूनच ठेवली होती. वर्ध्याच्या पुढे रस्ता सरळसोट, समोर दिवा नाही की गाव नाही. गाडी हळूच डावीकडे सरकायला लागली. पाहतो तर पोराची मान खाली. खांदा हलवला तर म्हणे, "झोपलो नाई काका, डोये मिटले नुसते." त्यानंतर गावापर्यंत मी त्याच्याशी कापसाचा भाव, सोयाबीन, त्याच्या बहिणीचं लग्न, सुचेल ते बोलत राहिलो. घरी पोचलो तेव्हा घसा बसला होता. पोरगा वाईट नव्हता, सकाळपासून त्याची ती तिसरी फेरी होती.

बेलोऱ्याला पुतण्या मोटरसायकलवर सोडतो. बॅग टाकीवर, लोणच्याची बरणी माझ्या मांडीत, पाऊण तासात पोचतो.

नागपूरची बाजूही सांगायला हवी. तिथे दिवसभरात मुंबईची अनेक विमानं. एक हुकलं तर दुसरं मिळतं. बेलोऱ्याची सेवा 16 एप्रिल 2025 ला सुरू झाली तीच आठवड्यातून तीन दिवसांची, म्हणून आधी वेळापत्रक पाहा, मग कामाचा दिवस ठरवा. कोर्टाची तारीख, दवाखान्याची वेळ असं ठरलेलं काही असेल तर माझं मन नागपूरकडेच झुकेल. तुम्ही धामणगावकडचे असाल, घरची गाडी असेल, तर हिशेब आणखी वेगळा.

पण नातवंडांना भेटायला जायचं असेल, तर मी मुलीलाच सांगतो, "विमान ज्या दिवशी, त्या दिवशी येतो." नागपूर घ्यायचंच झालं तर परतीचं तिकीट दुपारच्या आत उतरणारं काढा, आणि ड्रायव्हरला आदल्या रात्री कुठे होता ते विचारून घ्या.